कुळा-मुंडकारांचा पक्ष : मगोची वाटचाल

१९६३ च्या डिसेंबरात देशातल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत काँग्रेसची सत्ता होती. दिल्लीत पंडित नेहरू पंतप्रधान होते, आणि त्यांच्याच सरकारने दोन वर्षांपूर्वी सैन्य पाठवून गोवा पोर्तुगिजांच्या हातून सोडवला होता. मुक्त गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत लोक ह्या उपकाराची आठवण ठेवतील, अशी काँग्रेसची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. ९ डिसेंबरला मतदान झाले, पेट्या उघडल्या, आणि गोव्याच्या भूमीवर काँग्रेसचा एकही उमेदवार निवडून आला नाही. तीस जणांच्या सभागृहात तिला मिळालेली एकुलती एक जागा दमणची होती. सत्तेवर आला तो स्थापनेला वर्षही न झालेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. गोंयकारांच्या तोंडी तो ‘मगो’ झाला.

गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ह्या मागणीसाठी हा पक्ष जन्मला. तीन वर्षांनी गोव्याच्या मतदारांनी ती मागणी स्पष्ट बहुमताने फेटाळली. त्यानंतर अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. भारतातल्या प्रादेशिक पक्षांच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळा. मगोची वाटचाल समजून घ्यायची तर ह्या दोन निकालांची संगती लावावी लागते.

मुक्तीच्या वेळचा गोवा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा त्याच्या पोटात दोन गोवे नांदत होते. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव ह्या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या अमलाखाली होत्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण ह्या नव्या काबिजादी त्यांच्या हाती अठराव्या शतकात आल्या. जुन्या काबिजादींत ख्रिस्ती वस्ती दाट, चर्च आणि पोर्तुगीज शिक्षणाचा प्रभाव खोल. नव्या काबिजादींत देवळे, जत्रा, दशावतार आणि भजनी मेळे. एकूण लोकसंख्येत हिंदू सुमारे साठ टक्के होते. घरात बोलायची ती कोकणी. देवळातले भजन, कीर्तन, पोथी आणि रंगभूमीवरचे नाटक मात्र मराठी.

शिक्षणाची स्थिती बिकट होती. १९६१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ३१ टक्के भरली. मराठी शाळा लोकांनी आपल्या बळावर चालवल्या होत्या. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ साली घरोघरच्या मूठ-मूठ तांदळावर उभी राहिली, ह्यावरून त्या काळच्या लोकांची तळमळ कळते. पण डोंगरापलीकडच्या वाड्यावर राहणाऱ्या गावड्याच्या, धनगराच्या किंवा मुंडकाराच्या पोराला अशी शाळाही दिसत नव्हती.

आणि खरा प्रश्न होता जमिनीचा. माडांची भाटे आणि भातशेती भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या, देवस्थानांच्या आणि गावोगावच्या गावकरी संस्थांच्या ताब्यात होती. कूळ शेत कसायचे आणि पिकातला मोठा वाटा मालकाच्या घरी पोचवायचे. मुंडकाराची गत त्याहून नाजूक. भाटकाराच्या भाटात झोपडे बांधून राहायचे, भाटाची राखण करायची, बोलावतील तेव्हा कामाला जायचे, आणि मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचलायचे. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहूनही त्या घराखालची जमीन त्याची नव्हती. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. मुंडकारही दोन्ही धर्मांचे होते.

पोर्तुगीज राजवटीत, विशेषतः सालाझारच्या हुकूमशाहीत, राजकीय पक्ष काढायला मुभा नव्हती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. मतदानाचा हक्क मूठभरांपुरता होता. भारतीय राज्यघटनेने १९६३ साली प्रथमच भाटकाराच्या आणि त्याच्या मुंडकाराच्या हातात सारख्याच किमतीची मतपत्रिका ठेवली. ह्या समतेचा अर्थ ज्याने सर्वांत आधी ओळखला, त्याच्याकडे सत्ता जाणार होती.

पक्ष उभा राहतो

मुक्तीनंतर गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोव्याचे वेगळेपण जपण्याचा शब्द नेहरूंनी दिला होता. पण सीमेपलीकडे, १ मे १९६० रोजी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा जिंकून मराठी राज्य स्थापन झाले होते. त्या लढ्याची ऊब अजून निवली नव्हती. कामधंद्यासाठी मुंबईत राहणारी हजारो गोमंतकीय कुटुंबे गिरणगावापासून गिरगावापर्यंत पसरली होती. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व देशाने मान्य केले असेल, तर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या गोव्याचे स्थान महाराष्ट्रात आहे, असे अनेकांना मनापासून वाटत होते.

काँग्रेसने ही भावना ओळखली नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे तिने आपली घडी बसवली ती जुन्या प्रतिष्ठितांच्या आधारावर. ज्या घरांपुढे बहुजनांनी चारशे वर्षे मान खाली घातली होती, त्याच घरांतली माणसे आता खादी घालून मत मागायला आली. बहुजन समाजाने ह्यातून एकच निष्कर्ष काढला : पोर्तुगीज गेले, भाटकार राहिले.

ह्या पोकळीत १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला आणि त्याचे नेतृत्व दयानंद बाळकृष्ण बांदोडकर ह्यांच्याकडे आले. १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात जन्मलेले बांदोडकर खाणमालक होते. पन्नाशीच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि त्या तेजीत त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. पण ते आले होते गोमंतक मराठा समाजातून. देवळांच्या सेवेत पिढ्या घालवलेल्या, संगीताची थोर परंपरा सांभाळलेल्या आणि तरीही सामाजिक प्रतिष्ठेपासून दूर ठेवल्या गेलेल्या ह्या समाजातला माणूस पैशाने कितीही मोठा झाला, तरी अपमान म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. गरजूंना मदत करणारा दाता म्हणून त्यांचे नाव राजकारणात येण्याआधीच गावागावांत पोचले होते. लोक त्यांना भाऊ म्हणत, आणि मुख्यमंत्री झाल्यावरही ते ‘भाऊ’च राहिले.

पक्षाच्या हाती दोन मुद्दे होते. एक विलिनीकरणाचा, जो नावातच होता. दुसरा ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ हा. पहिला मुद्दा वर्तमानपत्रांत आणि सभांत गाजला. दुसरा रात्रीच्या वेळी वाड्यावाड्यांवर बोलला गेला आणि मने हलवून गेला. महाराष्ट्रात कूळकायदा आला आहे, तिथे कसणाऱ्याला जमीन मिळते, ही बातमी सीमेवरच्या गावांतून आत झिरपत होती. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या कुळाच्या मनात महाराष्ट्र म्हणजे कूळकायद्याचे राज्य होते. त्यामुळे दोन्ही मुद्दे त्याच्यापुरते एकच झाले.

सिंह निशाणीचा विजय

भंडारी, खारवी, गावडे, मराठा, गोमंतक मराठा अशा समाजांतले उमेदवार आणि कार्यकर्ते मगोने पुढे आणले. समोर डॉ. जॅक सिक्वेरा ह्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, ज्याची भूमिका वेगळ्या गोव्याची होती. निकालात युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या, तर मगो आणि त्याच्या मित्रांकडे तीसपैकी १६ जागा आल्या. लोकसभेच्या दोन जागांपैकी एकीवर मगोचे मुकुंद शिंक्रे निवडून आले आणि दुसरीवर मगोच्या पाठिंब्याने प्रजासमाजवादी पीटर आल्वारिस. आल्वारिस ख्रिस्ती होते, गोवा मुक्तिलढ्याचे नेते होते आणि विलिनीकरणवादी होते. हा सगळा वाद केवळ हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा होता, असे सांगणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

बांदोडकरांनी स्वतः ही निवडणूक लढवली नव्हती. तरीही आमदारांनी त्यांनाच नेता निवडले. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली आणि नंतर पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. मंत्रिमंडळात त्यांच्यासोबत विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस होते. मुक्तिलढ्यात तुरुंगवास भोगलेले पां. पु. शिरोडकर सभापती झाले. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीत मांडवीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात विधानसभा भरली. ज्या वाड्यातून पोर्तुगीज गव्हर्नरांचा कारभार चालत आला, तिथल्या बाकांवर आता कुळांची मते घेऊन आलेली माणसे बसली. गोव्याच्या इतिहासात सत्तेचे असे स्थलांतर पूर्वी झाले नव्हते. सैन्याने गोवा मुक्त केला ते १९६१ साली; गोव्यातल्या बहुजनांनी आपल्या मुक्तीला सुरुवात केली ती ह्या दिवशी.

शाळा आणि शेत

पहिल्या काही वर्षांतच सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा लावला. इमारत नसेल तर देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत वर्ग भरले. शिक्षक मिळेनात, तेव्हा शेजारच्या सिंधुदुर्गातून, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, आणि कोल्हापूर-बेळगावकडून तरुण मास्तर आले. साक्षरतेचे प्रमाण १९७१ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. आज गोवा देशातल्या सर्वाधिक साक्षर राज्यांत गणला जातो. त्याचा पाया ह्या वाड्यावरच्या एकशिक्षकी शाळांनी घातला. पहिल्या पिढीतल्या ज्या मुलीने तिथे पाटी धरली, तिची मुले पुढे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झाली. मराठी माध्यमाबद्दल ज्यांचे मत वेगळे आहे, त्यांनीही ही गोष्ट मान्य करायला हवी.

जमिनीच्या बाबतीत १९६४ चा कूळ कायदा हे पहिले पाऊल होते. त्याने कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिले आणि मालकाला द्यायच्या खंडावर मर्यादा घातली. जमीन अजून कुळाच्या नावावर झाली नव्हती, पण भाटकारापुढे ताठ उभे राहण्याइतका आधार त्याला मिळाला.

कौल हरला, पक्ष जिंकला

विलिनीकरणाचा प्रश्न मात्र धुमसत राहिला. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलिनीकरणाचा ठराव केला. युनायटेड गोवन्सचे म्हणणे असे की, एका साध्या निवडणुकीतल्या निसटत्या बहुमतावर गोव्याचे अस्तित्व पुसता येणार नाही, ह्या एका प्रश्नावर लोकांना वेगळे विचारले पाहिजे. नेहरू गेले, शास्त्रीजी गेले, आणि इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात राज्याच्या भवितव्याचा असा प्रश्न थेट मतपेटीतून सोडवण्याचा हा दुर्मिळ प्रसंग. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. सत्तेवर राहून कौल घेतला असता, तर निकाल काहीही लागला तरी वाद उरला असता. आपल्या जिवाभावाच्या मागणीसाठीही सत्ता सोडून लोकांसमोर जाणे, ही ह्या पक्षाच्या नावावरची मोठी गोष्ट आहे.

विलिनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या गोव्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. त्या प्रचारात गोवा पेटून उठला होता. ‘गोमन्तक’ दैनिक विलिनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात लढत होते. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे ह्यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर रोज गाजत होते. विलिनीकरणाच्या विरोधातली सर्वांत धारदार तोफ मराठी दैनिकातून मराठीतच डागली जात होती. मराठीवर प्रेम असणे आणि महाराष्ट्रात जायची इच्छा असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका वर्तमानपत्राने सिद्ध केले. मुंबईच्या कारभारात आपण एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन राहू, नोकऱ्या बाहेरचे घेतील, महाराष्ट्राची दारूबंदी माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या पोटावर येईल, अशा शंका हिंदू बहुजनांच्या मनातही उतरल्या.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. वेगळ्या गोव्यासाठी १,७२,१९१ आणि विलिनीकरणासाठी १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ चा. गोव्यात आज हा दिवस अस्मिताय दिस म्हणून पाळला जातो.

मगो आता संपला, असे ह्या निकालानंतर बहुतेकांना वाटले असणार. मग २८ मार्चला विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२. फुलाला नाही म्हणणाऱ्या हजारो हातांनी सिंहावर शिक्का मारला. त्या मतदाराने विलिनीकरण आणि आपला पक्ष ह्यांत फरक केला. महाराष्ट्र नको, पण भाऊ हवेत. आपली शाळा, आपला खंड, आपले घर सांभाळणारे हेच सरकार हवे, असा त्याचा निर्णय होता. पक्षाच्या नावाहून पक्षाचे काम मोठे आहे, हे नेत्यांच्या आधी मतदारांना कळले होते.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी भाऊंविरुद्ध बंड केले. भाऊ पक्ष एकहाती चालवतात, ही तक्रार पूर्णपणे खोटी नव्हती. उमेदवार ठरवण्यापासून मंत्री नेमण्यापर्यंत सगळे त्यांच्या शब्दावर चाले. तरी १९७२ च्या निवडणुकीत मगोने १८ जागा घेतल्या, तोवरच्या सर्वाधिक. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले.

ताईंचा काळ

भाऊसाहेबांची कन्या शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. १९६७ पासून त्या आमदार होत्या आणि लोक त्यांना ताई म्हणत. वडिलांच्या पुण्याईवर आलेल्या म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी त्यांच्या काळातले दोन कायदे पाहावेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकण्यापासून संरक्षण दिले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. १९७६ मध्ये कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. १९६३ च्या घोषणेतले दोन्ही शब्द, जमीन आणि घर, तेरा वर्षांनी कायद्यात उतरले. भाटकार न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे खटले चालले. पाचव्या दुरुस्तीला शेवटी राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टाचा आसरा घ्यावा लागला. एवढा विरोध झाला, ह्यावरूनच त्या कायद्याची ताकद कळते.

१९७७ मध्ये, देशात जनता लाट असताना, मगो १५ जागा घेऊन पुन्हा सत्तेत आला. पण बहुमत काठावरचे होते. एप्रिल १९७९ मध्ये पक्षाचेच तीन आमदार उलटले आणि सरकार पडले. त्यानंतर मगोचा मुख्यमंत्री स्वबळावर गोव्यात झाला नाही.

ओहोटी आणि तिची कारणे

१९८० च्या निवडणुकीत मगो सात जागांवर आला. थोड्याच दिवसांत ताईंसह बहुतेक आमदार काँग्रेसमध्ये गेले. रमाकांत खलप ह्यांनी पक्ष विझू दिला नाही. १९८५ नंतरच्या भाषा आंदोलनाने गोवा पुन्हा दुभंगला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामात मराठीच्या वापराची तरतूद केली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. राज्याच्या चाळीस जागांसाठी १९८९ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा मगोने १८ जागा जिंकून काँग्रेसची बरोबरी जवळजवळ गाठली. ते पक्षाचे शेवटचे मोठे यश. १९९४ मध्ये भारतीय जनता पक्षाशी युती झाली. त्या युतीतून भाजपचे चार आमदार विधानसभेत आले, त्यांत मनोहर पर्रीकर होते. पुढच्या काही वर्षांत मगोचा बहुजन मतदार आणि कार्यकर्ता हळूहळू त्या मित्राकडे सरकला. १९९९ मध्ये मगोकडे चार आमदार उरले. तेव्हापासून तो दोन-तीन जागांचा, कोणाच्या तरी सरकारला टेकू देणारा पक्ष आहे.

असे का झाले? घटक राज्य झाल्यावर विलिनीकरणाचा विषय संपला, हे उघड कारण. मला त्याहून महत्त्वाची दोन कारणे दिसतात. एक, पक्ष भाऊंच्या प्रतिमेवर उभा राहिला आणि त्यांच्या नंतरही त्या प्रतिमेवरच विसंबला. गावपातळीवर समित्या, अभ्यासवर्ग, नेतृत्व घडवण्याची रीत त्याने कधी नीट बसवली नाही. दुसरे, कायदा झाला म्हणजे काम झाले, असे त्याने मानले. जमीन कुळाची झाली, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी, मामलेदाराच्या कचेरीतली तारीख गाठण्यासाठी, मुंडकार प्रकरणाचा निकाल लावून घेण्यासाठी त्या कुळाला ज्याची सोबत हवी होती, तो कार्यकर्ता वेळेवर त्याच्या शेजारी उभा राहिला नाही. मुंडकारांची कितीतरी प्रकरणे आजही मामलेदारांकडे पडून आहेत. ज्या लोकांनी पक्ष मोठा केला, त्यांचा अर्धा प्रश्न सुटायचा राहिला आणि पक्ष दुसऱ्या वाटेला लागला.

महाराष्ट्रातला वाचक मगोकडे बहुधा एका फसलेल्या विलिनीकरणाची गोष्ट म्हणून पाहतो. गोव्यातले काही जण त्याच्याकडे गोव्याच्या अस्मितेवरचे संकट म्हणून पाहतात. दोघेही नावाशी थांबतात. ह्या पक्षाने गावड्याला आणि भंडाऱ्याला आमदार केले, वाड्यावर शाळा नेली, आणि भाटकारापुढे वाकलेल्या माणसाला आपल्या घराचा मालक केले. त्याच्या विरोधकांनी गोव्याचे अस्तित्व राखले, हेही तितकेच खरे. त्या विजयाबद्दल त्यांचा आदर करायला हवा. आजचा गोवा ह्या दोन्ही प्रवाहांनी घडवला आहे.

आजही देशात दर निवडणुकीला नवे पक्ष निघतात, नावे गाजतात, झेंडे बदलतात. त्या प्रत्येकाने मगोच्या वाटचालीतून दोन गोष्टी घ्याव्यात. लोक पक्षाला मत देतात ते त्याच्या घोषणेतल्या स्वप्नापेक्षा आपल्या रोजच्या जगण्यातल्या अडचणीसाठी देतात, हे ओळखल्याशिवाय कोणताही पक्ष उभा राहत नाही. आणि ती अडचण पूर्ण सुटेपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्याशिवाय कोणताही पक्ष टिकत नाही. मगोला पहिली गोष्ट साधली, म्हणून तो वर्षभरात सत्तेवर पोचला. दुसरी साधली असती, तर गोव्याच्या कुळा-मुंडकारांना आज दुसऱ्या कोणाच्या दारात जावे लागले नसते.